मंत्रविरल आणि मंत्रबहुल : भूमिकाखेळांतील जादूचे माप

अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत उभारले, अशी लोकश्रुती आहे. मंदिरावरील शिलालेख मात्र निराळी हकीकत सांगतो. त्यात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष असून शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. तेथून जवळच, आज बदलापूर नगरात सामावून गेलेल्या बेलवलीसारख्या गावांतून ही लोकश्रुती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. पण तेथील एकाही कुणब्याने वा आगऱ्याने आपले घर एका रात्रीत उभे राहील अशी अपेक्षा कधी धरली असेल, असे वाटत नाही. अद्‌भुत घडले, ते एकदाच घडले, फार पूर्वी घडले, आणि ते करणारे पांडव होते. एरवी भिंत घालावयाची तर माती मळावी लागते आणि गवंड्याला मजुरी द्यावी लागते, हे लोकश्रुतीला पूर्ण ठाऊक असते. अद्‌भुताला जागा द्यावयाची, पण त्याला रोजच्या व्यवहारात शिरू द्यावयाचे नाही, ही जी सावध तडजोड लोकमानसाने केलेली दिसते, तिचाच प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत एका नव्या खेळप्रकाराला पडला आहे.

हा प्रकार म्हणजे भूमिकाखेळ. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि एका काल्पनिक प्रदेशाचे वर्णन करतो. इतर जण त्या प्रदेशातील एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार ते सांगतात. कृती सफळ झाली की नाही हे नियमग्रंथ आणि फासे मिळून ठरवितात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला मुद्रित खेळ होय. युद्धाचे पटावरील खेळ खेळणाऱ्या मंडळींतून तो जन्मला, आणि म्हणूनच प्रत्येक गोष्टीला माप लावण्याची सवय त्याच्या अंगी मुळापासून आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने या खेळाचे महत्त्व नेमके येथेच आहे. कवीला जादू मोघम ठेवता येते. सूत्रधाराला तशी मुभा नसते; कारण समोरचा खेळाडू लगेच विचारतो, “हा मंत्र येथे म्हटला तर काय होईल?” आणि त्याचे उत्तर त्याच क्षणी द्यावे लागते.

अशा खेळविश्वांचे वर्गीकरण करताना इंग्रजीत ‘लो मॅजिक’ आणि ‘हाय मॅजिक’ असे दोन शब्द वापरले जातात. त्यांसाठी येथे ‘मंत्रविरल’ आणि ‘मंत्रबहुल’ असे शब्द योजिले आहेत. हे प्रतिशब्द मूळ शब्दांहून थोडे सरळ आहेत, कारण मूळ शब्दांत दोन निरनिराळे अर्थ मिसळलेले आहेत. पाश्चात्त्य गूढविद्येच्या इतिहासात उच्च जादू म्हणजे ग्रंथाधारित, विधियुक्त, पंडितांची विद्या, आणि नीच जादू म्हणजे खेड्यातील तोडगे व उतारे. खेळाडूंच्या बोलण्यात मात्र हे शब्द जादूच्या प्रमाणाविषयी येतात. एक अर्थ जादू कोणाच्या हाती आहे ते सांगतो, दुसरा ती किती आहे ते सांगतो. दोहोंची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील पुष्कळसे वाद निष्फळ ठरलेले आहेत.

‘किती’ हा शब्दही पुरेसा स्पष्ट नाही. टोल्कीनच्या मध्यभूमीत, म्हणजे १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विश्वात, जादूगार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, पण एका अंगठीत साऱ्या जगाचे भवितव्य सामावलेले आहे. येथे सामर्थ्य प्रचंड आणि प्रसार अत्यल्प. उलट ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या विश्वावर आधारलेल्या ‘रूनक्वेस्ट’ या १९७८ च्या खेळात साध्या शेतकऱ्याला आणि शिपायालाही एखादा बारीकसा मंत्र येतो. त्याने भाल्याचे टोक थोडे धारदार होते, इतकेच. प्रसार मोठा, सामर्थ्य बेताचे. कीथ बेकर यांच्या २००४ मधील एबेरॉन या विश्वात आगगाडी जादूवर चालते आणि दिवेही जादूने लागतात. तेथे जादू ही जवळजवळ सार्वजनिक सोय झाली आहे. तेव्हा सामर्थ्य आणि प्रसार ही दोन मापे निराळी धरलीच पाहिजेत. त्यांच्या जोडीला तिसरे माप आहे निश्चितीचे : मंत्र म्हटला की फळ येतेच काय, आणि आले तर ते मंत्राचेच हे सर्वांना कळते काय? या तिसऱ्या मापाकडे नियमग्रंथ बहुधा दुर्लक्ष करतात. वास्तविक विश्वाचा स्वभाव मुख्यतः तेच ठरविते.

मंत्रबहुल विश्वात व्यवहार कसा बदलतो, याचे एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वनस्पतिवृद्धीचा एक मंत्र आहे. तो तिसऱ्या पातळीचा, म्हणजे नऊ पातळ्यांच्या शिडीवर खालच्याच बाजूचा. आठ तास अनुष्ठान केले असता अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतील जमिनीचे पीक वर्षभर दुप्पट येते. अर्धा मैल त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ५०० एकर. आता उल्हास नदीच्या खोऱ्यात, बेलवलीच्या शिवारात, भातशेतीचे दिवस कल्पावेत. पावसापूर्वी राब भाजावयाचा, रोपे तयार करावयाची, मग चिखलात वाकून आवणी करावयाची. आणि हे सारे करून जे हाती यावयाचे त्यातून मालकाचा खंड आणि सावकाराचे व्याज वजा जावयाचे. अशा गावी हा मंत्र जाणणारा एक जण एक दिवस बसला, तर दिवसाकाठी ५०० एकरांचे पीक दुप्पट होते. महिनाभर तो फिरला तर पंधरा हजार एकर होतात, म्हणजे खोऱ्यातील कितीतरी गावे त्यात आली. मग भाताचा भाव उतरेल. खंड पिकाच्या हिश्श्याने ठरलेला असेल तर मालकाचे घर भरेल. नक्त ठरलेला असेल तर कुळाचे. सावकार त्या मांत्रिकाला आपल्या पदरी ठेवू पाहील, आणि शेजारच्या गावाला मंत्र मिळू नये म्हणून पैसे देण्यासही तयार होईल. दुष्काळ हा शब्दच भाषेतून हळूहळू मावळेल. तथापि याच नियमग्रंथाच्या आधारे रचलेल्या असंख्य खेळविश्वांत गावे अगदी युरोपीय मध्ययुगातल्यासारखी दरिद्री व अर्धपोटी रंगविलेली असतात. मंत्र यादीत आहे, पण त्याचा परिणाम शिवारात उतरलेला नाही. याच आवृत्तीत मृताला जिवंत करण्याच्या एका मंत्राला ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. म्हणजे मृत्यूला दर आहे, आणि तो ज्याला परवडतो त्याने मरणाचे भय का बाळगावे, याचे उत्तर ग्रंथात नाही. जादू विपुल ठेवावयाची आणि समाज मात्र ती नसल्यासारखाच दाखवावयाचा, ही या खेळांतील सर्वांत सार्वत्रिक उणीव म्हणावी लागेल.

हा पेच सोडविण्याचे एक नमुनेदार उदाहरण मराठीत आहे. मालू कवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ मधील. असंख्य घरांतून त्याचे पारायण होते. भक्तांची श्रद्धा हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नव्हे. येथे पाहावयाचे ते केवळ ग्रंथातील कथाविश्वाची रचना. या विश्वात सामर्थ्याला सीमा नाही. मच्छिंद्रनाथ शाबरी विद्या सिद्ध करून घेतात. भस्माची चिमूट मंत्रून फेकली की अस्त्र आपले काम करते. वाताकर्षण अस्त्राने शत्रूचा श्वासच अडतो. निश्चितीही पूर्ण आहे. गोरक्षनाथ संजीवनी मंत्राचा पाठ करीत असता मुलांच्या आग्रहावरून चिखलाचा एक पुतळा घडवितात, आणि मंत्र मुखात असल्यामुळे, तसा हेतू नसतानाही, त्या पुतळ्यात जीव येतो, तेच गहिनीनाथ. मंत्र कर्त्याच्या इच्छेचीही वाट पाहत नाही, इतका तो खात्रीचा. जॅक व्हॅन्सच्या १९५० मधील ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने मंत्र पाठ करून एकदा वापरण्याची जी कल्पना घेतली, तिच्यातही मंत्राला असे स्वतंत्र अस्तित्व आहे, परंतु तेथे म्हटलेला मंत्र स्मृतीतून पुसला जातो, येथे तो सिद्ध झाला की कायमचा.

इतके असूनही या ग्रंथातील गावे गावांसारखीच राहतात. शेतकरी नांगरतो, राजा कर घेतो, गृहिणी चूल पेटविते. याचे रहस्य वड्याच्या प्रसंगात सापडते. गुरूला वडा आवडला म्हणून गोरक्ष पुन्हा भिक्षेला जातो, आणि ती बाई मोबदल्यात त्याचा डोळा मागते. तो डोळा काढून देतो. ज्याच्या मंत्राने मातीत जीव येतो तो एका वड्यासाठी दारात उभा आहे, आणि वडा मंत्राने निर्माण करावा हा विचार त्याच्या मनास शिवतही नाही. सिद्धाने भिक्षेवर जगावयाचे, ही विरक्तीची मर्यादाच या विश्वाची अर्थव्यवस्था सांभाळते. सोन्याच्या विटेच्या कथेतही हेच. गुरूच्या झोळीतील वीट शिष्य फेकून देतो आणि डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. परंतु ते सोने बाजारात यावयाचे नसते, ते गुरूचा मोह दूर करण्यापुरते असते. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’ या १९८७ च्या खेळात हुबेहूब हाच पेच आहे. तेराव्या शतकातील युरोप, अतिशय समर्थ असे मोजके मांत्रिक, आणि भोवती सामान्य शेतकरी. तेथे मांत्रिकांच्या संघाची शपथ त्यांना लौकिक व्यवहारात ढवळाढवळ करण्यापासून रोखते. परंतु शपथ बाहेरून लादलेली असते. ती मोडण्याचा मोह आणि मोडल्यावरचा न्यायनिवाडा यांतूनच त्या खेळाची निम्मी कथानके निघतात. विरक्ती आतून येते, म्हणून तिच्यातून खटला उभा राहत नाही. गुरुशिष्यांमधील कसोटी उभी राहते. मराठी खेळविश्व रचणाऱ्यास हा भेद मोठ्या उपयोगाचा आहे. वारकरी परंपरेने याच्याही पुढे जाऊन सिद्धीलाच गौण ठरविले. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाला भेटावयास ज्ञानदेवांची भिंत चालली, ही कथा चमत्काराचीच. पण तिचा उपयोग चमत्काराचा गर्व उतरविण्यासाठी केलेला आहे.

आता दुसरे टोक. उत्तर कोकणातील ठाकूर, कातकरी, वारली आदी समाजांत भगत हा जो माणूस असतो, त्याची विद्या सामर्थ्याने अगदी तुटपुंजी. तो तांदळाचे दाणे मांडून दुखण्याचे कारण सांगतो, अंगारा लावतो, उतारा टाकावयास सांगतो. त्याहूनही साधी विद्या घराघरांत होती. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढणे, लहानग्याला काजळाची तीट लावणे, दारावर लिंबू बांधणे यांसाठी कोणा गुरूची आवश्यकता नव्हती. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ यांची जागाही ठरलेली : हा पिंपळावर, ती पाणवठ्यावर, तो वेशीबाहेर. आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये ए. एम. टी. जॅक्सन यांच्या टिपणांवरून कोकणच्या लोकसमजुतींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो चाळला तर खेळविश्वासाठी आयती सामग्री हाती लागते, आणि पुष्कळांना तसा मोह होतोही. पण त्या संग्रहातील समजुती गाव, जात आणि हंगाम यांपासून सोडवून यादीत मांडलेल्या आहेत. सूत्रधाराने त्या जशाच्या तशा उचलल्या तर हडळ ही गुहेतील श्वापदासारखी केवळ मारावयाची वस्तू होते. नारायण धारपांच्या भयकथा मराठी वाचकाला धरून ठेवीत, त्याचे एक कारण असे की तेथे वाडा, बिऱ्हाड, नोकरी हे सारे ओळखीचे असते आणि अमानवी गोष्ट त्यात उशिरा, चोरपावलांनी शिरते.

भगताच्या या जगात प्रसार मोठा, सामर्थ्य अल्प, आणि निश्चिती जवळजवळ शून्य. ताप उतरला तो अंगाऱ्याने की आपोआप, हे कोणी सांगू शकत नाही. उतरला नाही तर भगताकडे कारण तयार असते : विधीत चूक झाली, किंवा कोणी तरी उलट करणी केली. हा ‘कोणी तरी’ पुढे यावयास फार वेळ लागत नाही.

येथे आरंभीच्या शब्दगल्लतीकडे पुन्हा यावे लागते. मराठीत योग्याच्या अद्‌भुत कृतीला सिद्धी म्हणतात, पुरोहिताच्या कृतीला अनुष्ठान, भगताच्या कृतीला देवदेवस्की, आणि गावकुसाजवळ एकट्या राहणाऱ्या विधवेच्या कृतीला चेटूक. कृतीत फरक असेलही, नसेलही. नावे मात्र कर्त्याच्या दर्जाप्रमाणे बदलतात. ‘उच्च’ आणि ‘नीच’ जादू हे पाश्चात्त्य शब्दही असेच दर्जा पाहून दिलेले आहेत. भूमिकाखेळांचे नियमग्रंथ ही उतरंड नकळत उचलतात. विद्यापीठात शिकलेला मांत्रिक हा नायक, मंदिरातला मंत्रज्ञ हा नायक, आणि झोपडीतली म्हातारी ही बहुधा प्रतिनायिका.

हा प्रश्न केवळ वाङ्‌मयीन राहत नाही. चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ, मारहाण, प्रसंगी हत्या, हे महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत प्रत्यक्ष घडलेले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे खटपट केली, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर प्रथम वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अधिनियम म्हणून आला. त्याच्या अनुसूचीत सर्पदंश झालेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे देणे हे कृत्य आहे, आणि एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हेही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आता ज्या खेळात ‘चेटूक’ हा नियमग्रंथातील एक खरा मंत्र आहे, त्या खेळात आरोप करणारे गावकरी बरोबर ठरतात. सूत्रधाराने केवळ वातावरणनिर्मितीसाठी चेटकीण आणली, तरी त्याच्या नियमाने तिच्यावरील आरोपाला सत्याचे अधिष्ठान दिलेले असते. खेळ काल्पनिक असतो हे खरेच, आणि खेळून कोणी भगत होत नाही. परंतु नियम म्हणजे त्या विश्वाचा निसर्ग होय, आणि तो निसर्ग आरोपकर्त्याच्या बाजूचा ठेवावयाचा की नाही, हा निर्णय रचणाऱ्याचाच असतो.

हा निर्णय प्रत्यक्षात कसा घ्यावा लागतो, हे बेलवलीवर कल्पिलेल्या एका प्रसंगाने स्पष्ट होईल. काळ लोहमार्गाच्या आधीचा, म्हणजे १८५६ पूर्वीचा, धरावा. एका बाजूस उल्हास नदी, दुसऱ्या बाजूस चंदेरी आणि मलंगगडाची रांग. श्रावणात गावातील तीन मुले तापाने पडली आहेत. भगताने दाणे मांडले आणि नदीकडेच्या एका घराकडे बोट केले. त्या घरात एक निपुत्रिक बाई राहते. खेळाडूंची पात्रे त्या दिवशी गावात मुक्कामाला आहेत.

विश्व मंत्रबहुल असेल तर प्रसंग उभाच राहत नाही. पाचव्या आवृत्तीतील दुसऱ्या पातळीच्या एका मंत्राने एका माणसाचा एक रोग जातो. तीन मुले, तीन मंत्र, आणि संध्याकाळपर्यंत गाव निजानीज. खोटा आरोप करण्यासही तेथे कोणी धजणार नाही, कारण तो खोटा आहे हे पडताळण्याचा मंत्रही असतो. रूढ पद्धतीचे मंत्रविरल विश्व असेल तर सूत्रधार आधीच ठरवून ठेवतो की ती बाई खरोखर करणी करते, फक्त तिची शक्ती अल्प आहे. मग पात्रे तिला शोधतात, पकडतात, आणि मुले बरी होतात. हा खेळ रंगतो, आणि भगत, गाव व फासा हे तिघेही एकाच बाजूला येतात.

तिसरी रीत निश्चितीचे माप जाणूनबुजून खाली ठेवण्याची. करणी झाली की नाही हे सूत्रधारही ठरवीत नाही. त्याच्या टिपणवहीत त्यासाठी रकानाच नसतो. त्याऐवजी तेथे पाणवठा कोठे आहे, पहिले मूल कधी पडले, भगताच्या भावाचा त्या बाईच्या जमिनीवर डोळा आहे काय, पाटील कोणाच्या शब्दाबाहेर नाही, अशा नोंदी असतात. पात्रांपैकी कोणी अंगारा लावील तर फासा जरूर टाकावा. पण त्याने ताप उतरला की नाही हे ठरू नये, मुलाच्या आईला धीर आला की नाही हे ठरावे. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१ च्या खेळाने पात्राची मनःस्थिती आकड्यांत मोजण्याची जी रीत घातली, ती येथे एका व्यक्तीऐवजी साऱ्या गावाला लावता येते. गावाची भीती शून्यापासून वीसपर्यंत मोजावी. दुसरे मूल दगावले की ती चढते, वैद्य आला की उतरते, रात्री कुत्री रडली की पुन्हा चढते. तिसऱ्या रात्री सूत्रधार वीस बाजूंचा फासा टाकतो. पडलेला आकडा गावाच्या भीतीहून मोठा आला तर माणसे आपापल्या घरी झोपतात. लहान आला तर नदीकडच्या वाटेवर मशाली दिसू लागतात, आणि तेथे त्या वेळी कोण पोहोचू शकते, हे सूत्रधार खेळाडूंना विचारतो.